सायकल नावाचा नग

६ जानेवारी, सोमवार

नवी कवळी बसली. बसली म्हणजे तोंडात गेली. 'स' म्हणायला गेलो की शिट्टी वाजते. गाडीचा गार्ड म्हणून जन्मभर शिट्टी फुंकली, ती आता न फुंकता वाजते. लेक म्हणाली, "जिभेला सवय होईपर्यंत फार बोलू नका बाबा. लिहा काहीतरी." म्हणून हे लिहिणं. नोकरीत प्रत्येक खेपेची नोंद लिहायचो, तेव्हा हात अगदीच गंजलेला नाही. काही घडलं नाही की 'विशेष नाही' एवढं लिहून सही ठोकायची.

कवळी तिनेच केली आहे. ती कवळ्यांच्या कारखान्यात गुलाबी मेणात एकेक दात मांडते. तिने पुढचा एक दात मुद्दाम जरासा तिरपा बसवला, माझा स्वतःचा होता तसा. म्हणाली, "सगळे सरळ बसवले असते तर तुम्ही परके वाटला असतात."

सकाळी मात्र मी तिच्यावर ओरडलो. तिची सायकल पॅसेजमध्ये उभी असते आणि बाथरूमला जाताना पेडल नडगीला लागतं. "हा नग आधी बाहेर काढ!" म्हणालो. सामानाच्या डब्यात माल मोजताना आम्ही सगळ्यालाच नग म्हणायचो. पेटी असो, पाळणा असो, कोंबड्यांची पाटी असो, एक नग. ती जोडे घालत म्हणाली, "कुठला नग? हा की मी?" तिलाही मी लहानपणापासून नगच म्हणत आलोय, भारी नग आहे म्हणून. सायकल खांद्यावर टाकून हसत जिना उतरली. बाहेर पडणाऱ्या माणसावर ओरडू नये, हे माहीत असून ओरडलो.

१६ जानेवारी, गुरुवार

कवळी आतून टोचत होती, ती घासून घ्यायला तिच्याबरोबर गाडीने कारखान्यात गेलो. निवृत्त झाल्यापासून सकाळच्या गर्दीत पाऊल टाकलं नव्हतं.

ती फलाटाच्या अगदी टोकाला उभी राहते. गाडी थांबली की पुढचं चाक आधी वर, मग हँडल आडवं वळवून आत, मग पलीकडच्या बंद दाराला सायकल टेकवून सीट पोटाशी धरून उभी. काम सफाईदार करते, हे मला मान्य केलं पाहिजे. पण पुढच्या दोन स्टेशनांवर माणसं अशी घुसली की ती आणि सायकल दोघी दाराला चिकटल्या. एका टायवाल्याच्या पँटला साखळीचं काळं लागलं. तो भडकला. "दोन माणसांची जागा खाते ही सायकल! रोजची कटकट आहे." ती म्हणाली, "माफ करा, वळवते जरा." वळवायला जागा कुठे होती?

मी त्याच्या शेजारीच होतो. तो मला म्हणाला, "काका, तुम्ही जुने दिसता. तुमच्या वेळी चालायचं का हो हे?" मी म्हणालो, "छे! सायकल दिसली की सरळ खाली उतरवत असू." आसपासचे हसले. मीही दात काढले, नवेकोरे.

आता लिहिताना हात अडतोय. ही माझी मुलगी आहे, असं म्हणायला किती वेळ लागला असता? पण सगळा डबा तिच्यावर चिडलेला आणि मला एकदम दातखीळ बसल्यासारखं झालं.

उतरल्यावर तिने विचारलं, "कुठे होतात तुम्ही?" म्हटलं, "मागे अडकलो होतो." ती म्हणाली, "आवाज आला तुमच्या शिट्टीचा." मी म्हटलं, "म्हणूनच तर घासायला चाललोय!" ती सायकल घेऊन पुढे झाली.

स्टेशनपासून कारखाना चांगलाच लांब, कालव्याच्या काठाने. बस नाही, रिक्षा नाही, आणि सायकल रात्री स्टेशनवर ठेवली तर चोरीला जाते. मला मागे बसवून तिने सायकल मारली. लाज वाटली, पण वारा छान लागत होता. मालकीणबाई भल्या आहेत. म्हणाल्या, "वरची खोली केव्हाची रिकामी आहे, हिला म्हणून म्हणून थकले, राहा इथे. ऐकेल तर ना." लेकीने घाईघाईने माझ्यासमोर आरसा धरला आणि म्हणाली, "बाबा, आ करा."

खोली फुकटात मिळत असताना ही रोज गर्दीत का चेंगरते, देव जाणे. सायकलीचं वेड, दुसरं काय.

२८ जानेवारी, मंगळवार

तिच्या दंडावर हिरवानिळा डाग पाहिला. "ब्रेकचा दांडा लागला," म्हणाली. ब्रेकचा दांडा आपणहून लागत नाही, कोणीतरी तिला त्यावर दाबलं असणार. मला रात्री जेवण गेलं नाही.

जेवणानंतर नेहमीप्रमाणे ती पॅसेजमध्ये फतकल मारून साखळी पुसत बसली, माझ्या जुन्या बनियनच्या चिंधीने. मी स्टुलावर. मग तिच्या कारखान्यातल्या गोष्टी निघतात. आज एका म्हाताऱ्या बाईंची कवळी परत आली होती, कारण त्यांचे यजमान म्हणे, हसताना ही आमची ही वाटत नाही. मग लेकीने त्या बाईंचा तरुणपणचा फोटो मागवून घेतला. सांगता सांगता दोन दातांमधली फट तिने मला चिंधीवरच बोटाने काढून दाखवली. साखळी केव्हाच लख्ख झाली होती तरी ती पुसतच होती.

दिवसभरात घरात बोलणं होतं ते एवढंच. हिची आई गेल्यापासून बाकी दिवस म्हणजे रेडिओ आणि मी.

३ फेब्रुवारी, सोमवार

छत्री घरी आला होता. माझ्या हाताखालचा जुना गार्ड. उन्हातान्हात, बोगद्यातसुद्धा छत्री सोडायचा नाही म्हणून हे नाव. आता स्टेशनांचा मोठा साहेब झालाय, तरी मला दादाच म्हणतो. गर्दीच्या वेळच्या सायकलींवरून तक्रारी फार आल्यात. शुक्रवारी प्रवाशांची आणि जुन्या लोकांची बैठक आहे. "दादा, तुमच्या शब्दाला वजन आहे. तुमच्याइतकी ही गाडी कोणाला कळते?"

हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तो पहिल्यापासून पटाईत. चढायला मीही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

बोललो. आणि काय बोललो! कवळी एकदाही हलली नाही, 'स'ला शिट्टी नाही, काही नाही. मी म्हटलं, "साहेब, सायकल हा माणूस नव्हे, नग आहे. माणूस आक्रसतो, नग आक्रसत नाही. नगाला ढकललं की माणूस पडतो. नगाची जागा सामानाच्या डब्यात, आणि सामानाचा डबा या गाडीला आता नाही. मग गर्दीच्या वेळी नगही नाही." टाळ्या पडल्या. तो टायवाला पहिल्या रांगेत होता, त्याने उठून हात मिळवला. निवृत्तीच्या समारंभातसुद्धा माझ्यासाठी एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या.

कोपऱ्यात एक सायकलवाला पोस्टमन होता. तो म्हणाला, "ज्यांचं काम स्टेशनपासून लांब आहे त्यांनी करायचं काय?" त्याला मी म्हटलं, "कामावर बोलावणारा मोटार पाठवील." तो खाली बसला.

हे मी तिच्यासाठी केलं. तो दंडावरचा डाग माझ्या डोळ्यांसमोर होता. आज ना उद्या ती त्या दारात चिरडली असती. तिला सांगितलं असतं तर वाद घातला असता, म्हणून सांगितलं नाही. नियम आला की मालकीणबाई आपोआप मोटार पाठवतील. न पाठवून सांगतात कोणाला? इतकी हुशार बाई त्यांना पुन्हा मिळायची नाही.

संध्याकाळी तिने विचारलं, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "विशेष नाही."

मग जरा चुटपुट लागली. टाळ्यांची धुंदी उतरल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. जे दात लावून मी हे बोललो, ते तिने केलेले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

न्हाव्याकडे जायचं म्हणून तिच्याबरोबरच स्टेशनवर गेलो. फलाटावर नवी घोषणा चालू झाली आहे. बाईंचा आवाज गोड आहे. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गर्दीच्या वेळी सायकल अथवा कोणताही मोठा नग डब्यात नेता येणार नाही."

लेक थांबली. घोषणा परत झाली. पूर्ण ऐकून घेतली आणि माझ्याकडे वळली.

"नग?" ती म्हणाली.

"रेल्वेचा जुना शब्द आहे."

"हो. माहीत आहे मला." अजून माझ्याकडेच बघत होती. "बाबा, तुम्हाला काही बोलायचंय का?"

मी म्हटलं, "मालकीणबाईंकडे मोटार माग. आता त्यांना द्यावीच लागेल."

गाडी आली, माणसं चढली, गाडी गेली. ती सायकल धरून तशीच उभी. चेहरा उतरला होता. गाडी चुकली आणि उशीर होणार म्हणून असावा. मी न्हाव्याकडे न जाता घरी आलो.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ती आता गर्दीची वेळ सुरू होण्याआधीच्या गाडीने जाते. अंधारात उठते. संध्याकाळीही गर्दी ओसरेपर्यंत कारखान्यातच बसते. घरी येते ती जेवायला आणि निजायला. काल घास हातात धरूनच डुलकी लागली.

मोटारीचं विचारलं तर म्हणाली, "एकटीसाठी कोण मोटार पाठवणार, बाबा?" साधाच आवाज होता, चिडलेली नव्हती.

साखळी पुसणं आठवडाभर झालेलं नाही. मी म्हटलं, "दे, मी पुसतो." तर म्हणाली, "राहू दे. तुमचे हात काळे होतील."

६ मार्च, गुरुवार

हल्ली तिला घर लावायची लहर आली आहे. मला भात कुकरला लावायला शिकवला. दुधवाल्याशी माझी गाठ घालून दिली, जसा काही मी परगावाहून आलोय. कवळी रात्री कशी ठेवायची, टोचली तर काय करायचं, तेही समजावलं. मी म्हटलं, "टोचली तर तू आहेस की." तर ओट्याकडे तोंड करून भांडी विसळत राहिली.

आणि मधूनच विचारते, "काय बाबा, आज काय विशेष?" पूर्वीही विचारायची, पण चालता चालता. आता विचारून थांबते. मी म्हणतो, विशेष नाही.

९ मार्च, रविवार

ती जाते आहे. मालकीणबाईंची वरची खोली घेतली. पुढच्या रविवारी सामान हलवणार.

मी म्हटलं, "इतके दिवस नको म्हणत होतीस ना?"

ती म्हणाली, "तुम्ही एकटे पडाल म्हणून नको म्हणत होते. सायकल होती तोवर दोन्ही जमत होतं."

इतकं सरळ होतं. मालकीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलं होतं, पोस्टमनने बैठकीत विचारलं होतं. सगळ्या डब्याच्या शिव्या खाऊन ती रोज मला भेटायला परत येत होती, आणि मला वाटलं सायकलीचं वेड. गाडी सुटण्याआधी शेवटपर्यंत नजर टाकायची, हे तर माझं कामच होतं जन्मभर.

तिला तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण म्हणालो, "पंखा आहे ना तिथे?"

१० मार्च, सोमवार

छत्रीच्या ऑफिसात गेलो. दाताच्या कण्या केल्या, तिनेच केलेल्या दातांच्या. "नियम मागे घे. नाहीतर एक सूट दे. माझ्या मुलीला."

छत्री खुर्चीतून उठला. "दादा, ती टोकाला उभी राहणारी तुमची मुलगी? मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

मी खुर्चीला टेकवलेली त्याची छत्री सरळ केली.

तो म्हणाला, "आमचं जवळजवळ ठरलं होतं. शेवटच्या डब्यातली दोन बाकं काढून सायकलींना आकडे लावायचे. आराखडा तयार होता. तुम्ही बोललात आणि सगळे तुमच्या बाजूने झाले. आता लोक खूश आहेत, मी कोणत्या तोंडाने बदलू?" मग मला दारापर्यंत सोडायला आला. "तुमचा शब्दसुद्धा मी तसाच ठेवला, दादा. घोषणेत. मान म्हणून."

घरी पायी आलो.

१६ मार्च, रविवार

दोन बॅगा आणि तिची हत्यारांची पेटी. मी मोजले, तीन नग. मोठ्याने मात्र म्हटलं नाही. रविवारी गाडीला गर्दी नसते, सायकल नेता आली असती. मी पॅसेजमधून काढायला लागलो तर म्हणाली, "ती नको. खोलीखालीच कारखाना, मला कशाला लागतेय आता? असू दे इथेच. तुम्हाला अडखळायची सवय आहे."

फलाटावर तिने पुन्हा विचारलं, "काही बोलायचंय, बाबा?"

"पोचल्यावर फोन कर," म्हणालो.

गाडी सुटताना सवयीने हात वर गेला, झेंडी दाखवतात तसा. तिला वाटलं मी निरोप देतोय. तिने हात हलवला.

१७ मार्च, सोमवार

पेडल नडगीला लागलं. ओरडलो नाही.

२ एप्रिल, बुधवार

कवळी डाव्या बाजूला टोचते. तिथे व्रण झालाय. भात एका बाजूने चावतो. फोनवर तिला सांगितलं नाही. सांगितलं तर ती धावत येईल, आणि मला ती तशी यायला नको आहे. की हवी आहे? खरं लिहायचं तर हवी आहे. पण तिला बोलवायला मला तोंड नाही.

रात्री सायकलीची साखळी पुसली. तिच्यासारखी चमकत नाही.

८ एप्रिल, मंगळवार

तिचा फोन. कालव्यापलीकडे दवाखाना निघालाय, तिथल्या लोकांची मापं घ्यायला तिला रोज जावं लागणार आहे. "आता सायकल उपयोगी पडेल. या रविवारी जमणार नाही यायला, पुढच्या बघू."

मी म्हटलं, "मी आणून देतो."

"बाबा, तुम्हाला झेपायची नाही."

"चाळीस कोंबड्यांची पाटी झेपायची मला." ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली. उद्या सकाळीच जाणार, आणि सगळं सांगून टाकणार. पुढच्या रविवारची वाट बघत बसलो तर हिंमत जाईल.

९ एप्रिल, बुधवार

सकाळी सायकल फलाटाच्या टोकाला नेली. तिच्या जागी उभा राहिलो. डोक्यात फक्त तिला काय सांगायचं तेच घोळत होतं, वेळ कुठली हे लक्षातच आलं नाही. गाडी आली, पुढचं चाक वर टाकलं, तोच मागून हाक आली. गार्ड होती, बसलेल्या आवाजाची एक जाडजूड बाई.

"आजोबा, गर्दीची वेळ आहे. खाली घ्या."

"मी गार्ड होतो याच गाडीवर."

"मग तुम्हाला मी काय सांगायचं? नग चालत नाही आता."

"हा नग नाही."

"मग काय आहे?"

आतली माणसं बघत होती. वर लाउडस्पीकरवर तो गोड आवाज माझंच वाक्य म्हणत होता. चाक खाली घेतलं. बाईंनी शिट्टी दिली, गाडी गेली. चुकलं नव्हतं त्यांचं काहीच. मीही हेच केलं असतं.

गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून राहिलो, सायकलीची सीट धरून. मग एक मोकळी गाडी मिळाली. स्टेशनपासून सायकल हातात धरून कालव्याच्या काठाने चालत गेलो. चालवायचा धीर झाला नाही. ती या रस्त्याने रोज जायची, आणि नंतर परतून माझ्याकडे यायची.

ती खाली आली, हाताला साच्यांचं ओलं प्लास्टर लागलेलं. मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्या उभ्या सांगितलं, "त्या बैठकीत मी बोललो होतो. तो नियम माझ्यामुळे आला."

"माहीत आहे, बाबा."

"छत्रीने सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? सायकलीला नग म्हणणारं तुमच्याशिवाय आहे कोण?" तिने सायकल माझ्या हातून घेतली, स्टँडवर लावली. "पहिल्या दिवशीच कळलं. फलाटावर."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. रोज विचारत होते की. पहाटेची गाडी मला जड नव्हती हो, केली असती आणखी वर्षभर. पण रोज घरी यायचं आणि तुम्ही म्हणायचं, विशेष नाही..."

मला रडू आलं. ती जवळ आली, तेव्हा तिचं लक्ष माझ्या गालाकडे गेलं. डावा गाल सुजला होता. मला खिडकीपाशी बसवून म्हणाली, "आ करा." कवळी काढली, बोटाने व्रण चाचपला. खूप वेळ बघत राहिली.

"किती दिवस झाले?" ती म्हणाली. "इतकं दुखत होतं तर सांगायचं नाही का, बाबा?"

तिचं बोट माझ्या तोंडात होतं आणि दात तिच्या हातात. बोलता आलं नाही.

तिने कवळी घासून परत बसवली. आता टोचत नाही. राहा म्हणाली नाही, आणि घरी परत येते असंही म्हणाली नाही. फाटकापर्यंत सोडायला आली आणि सायकलवर बसून दवाखान्याकडे गेली.

परतीच्या गाडीत डब्यात मी आणि दोन-तीन माणसं. पलीकडच्या दारापाशी सायकल लावायला हवी तेवढी जागा होती.